पोह्याला वेस कशाला? कारंजा लाडातल्या काही सकाळी

तुरीचे_सोले (धागालेखिका)

बाबांनी या पौषात कारंज्याच्या गुरुमंदिरात गुरुचरित्राचा सप्ताह करायचं ठरवलं. गुडघे दुखतात, एकटं पाठवायला नको, म्हणून सोबत मी. ते पहाटे सोवळं नेसून पोथीवर बसत, ते थेट दुपारच्या प्रसादापर्यंत. मधले पाच-सहा तास माझे. पहिल्या दिवशी खोलीवर बसून मोबाइल चाळला. दुसऱ्या दिवशी त्याचाही कंटाळा आला आणि चपला घातल्या.

मी अकोल्याची. लहानपणापासून कारंज्याला दहा-बारा वेळा तरी आले असेन. दर वेळी तेच: मूर्तिजापूरहून तीस-बत्तीस किलोमीटर एसटी, स्टँडवरून ऑटो, दर्शन, प्रसाद, परतीची एसटी. कुणी विचारलं असतं, कारंजा कसं आहे, तर मी मंदिराच्या पायऱ्या आणि बाहेरची पेढ्यांची दुकानं सांगितली असती. हजारो लोक येतात, त्यांचंही यापेक्षा वेगळं नसावं.

चालायला लागल्यावर पहिली गोष्ट कानात भरली ती पत्ते सांगायची पद्धत. "वेशीच्या आत", "वेशीबाहेर", "दारव्हा वेशीकडून या, मंगरूळ वेशीकडून लांब पडते." गावाचा तट कधीच पडून गेला, बहुतेक ठिकाणी त्याचे दगड कुणाच्या तरी घराच्या जोत्यात गेले असणार, पण लोकांच्या बोलण्यात तो अजून उभाच आहे. ज्या पोरीने मला वाट सांगितली ती आठवी-नववीतली असेल. तिने तट पाहिलेला नाही, तिच्या आजीनेही धड पाहिलेला नसावा. तरी 'आत' आणि 'बाहेर' पक्कं ठाऊक.

वेशी चार. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. दारव्हा आग्नेयेला, यवतमाळ जिल्ह्यात. मंगरूळ म्हणजे नैऋत्येचं मंगरूळपीर. दिल्ली म्हणजे दिल्लीच. आणि पोहा? पोहा हे कारंजा तालुक्यातलंच एक गाव. नाव वाचून आधी मला तर्रीपोहेच आठवले, खोटं कशाला बोलू. पण एका रांगेत दिल्ली आणि पोहा, हे काही डोक्यातून जाईना. कुणी जाणकार असेल तर सांगा.

दिल्ली वेशीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. कमानीखालून शाळेच्या सायकली, दुधाच्या कॅन लावलेल्या फटफट्या, एक ट्रॅक्टर. कमानीच्या अंगावर वायरींचं जाळं, त्यात अडकलेला एक पतंग आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर. कडेला एक बाई सांबार (म्हणजे कोथिंबीर), पालक आणि तुरीच्या शेंगा घेऊन बसली होती. मी अर्धा किलो शेंगा घेतल्या आणि मग पुढचे दोन तास सोले खात हिंडले. (आयडीचा उगम कळला असेल.)

आतल्या गल्ल्या अरुंद, आणि एकदम वळतात. दोन वळणांनंतर दिशा हरवते. बैठी घरं, मध्येच नवा तीनमजली सिमेंटचा ठोकळा, आणि मध्येच एखादा वाडा, ज्याचा दरवाजा मूळचा, कडी मूळची आणि कुलूप गंजलेलं. याच भागात जैन मंदिरं आहेत. मला एक देऊळ पाहायचं होतं, निघाली तीन: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. दुसऱ्या नावाला मी दचकले. तिथल्या आजोबांना ते सवयीचं असावं, हसून म्हणाले, "बाई, ते गणाचं नाव आहे, फार जुनं. भट्टारकांच्या परंपरेचं." दिगंबर परंपरेतल्या तीन वेगवेगळ्या शाखांच्या भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपतींच्या, गाद्या एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. बाहेरून काही कळत नाही. आत काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम पाहिलं आणि मानेला रग लागेपर्यंत वरच बघत राहिले. लाकूड काळं झालंय, पण नक्षीची धार शाबूत आहे. फोटो काढू का विचारलं, नको म्हणाले, म्हणून फोटो नाहीत.

देवळं पाहून एक प्रश्न आपोआप पडतो: एवढा पैसा कुठून? आजूबाजूला कपाशी आणि तूर, मोठी नदी नाही, बंदर नाही, राजधानी तर कधीच नव्हती. उत्तर गावाच्या नावात आहे म्हणतात. लाड म्हणजे लाटदेशातून, गुजरातेकडून आलेले व्यापारी. 'लाडांचे कारंजे'. सुरत-बुऱ्हाणपूरच्या बाजूने वऱ्हाडात उतरणाऱ्या मालाची ही पेठ. म्हणजे ही गल्ली एका काळी आजच्या एखाद्या सराफ बाजारासारखी असणार.

आणि मग कस्तुरीची हवेली. गोष्ट अशी सांगतात की उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव फिरला, पण सगळा माल एकरकमी घेणारा कुणी भेटेना. कारंज्यात लेकुर संघई नावाच्या सावकाराचं बांधकाम चाललं होतं. त्याने सगळी कस्तुरी घेतली आणि चुन्यात कालवायला सांगितली. मला गोष्ट सांगणाऱ्या तिघांच्या उंटांची संख्या जुळली नाही आणि भावाचा आकडाही जुळला नाही, पण 'चुन्यात कालवली' इथे तिघंही थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पावसाळ्यात अजून वास येतो म्हणे. जानेवारी होता. मी भिंतीला नाक लावलंच. एक शेळी माझ्याकडे बघत होती.

ऋषी तलावाकडे एकदा चक्कर मारली. करंज ऋषींना मोठी व्याधी झाली, त्यांनी अंबेचा धावा केला, देवीने तळं निर्माण केलं, त्यात न्हाऊन ते बरे झाले आणि त्यांच्या नावावरून गाव, अशी कथा. आज त्या पाण्यात न्हायची शिफारस मी करणार नाही.

जन्मस्थानाचा वाडा मात्र शेवटच्या दिवशी बाबांसोबत पाहिला. गुरुचरित्रातल्या नृसिंह सरस्वतींचा जन्म १३७८ चा, आईवडील अंबा आणि माधव. मूल मुंजीपर्यंत ॐ खेरीज एक अक्षर बोललं नाही, आणि मुंज झाल्यावर वेद म्हणू लागलं. मंदिर त्या मानाने कालचं, १९३४ चं. हे जन्मस्थान लोकांच्या ध्यानी आणून दिलं ते टेंबेस्वामींनी, आणि स्वामी तर १९१४ सालीच समाधिस्थ झाले. म्हणजे आज जे गाव सगळ्यांना माहीत आहे, ते या शंभरेक वर्षांतलं. त्याच्या आधीचं कारंजा वेशींच्या आत आहे आणि तिकडे ऑटो जात नाही.

बाबा वाड्यात डोळे मिटून बसले. मला तिथेही चुन्याचा वास घ्यावासा वाटला, पण धीर झाला नाही.

---

बंडीवाला

काय राजेहो, आमच्या गावावर धागा अन् मले आज दिसला!

मी पोहा वेशीकडचाच. ताई, तुमी पोह्याले हासल्या म्हनून आधी थोडा राग आला, मंग म्या बी हासलो. आता आयका. आमचा बुढा सांगे का दिवाई झाली की त्या रस्त्यानं बंड्याची रांग लागे. कापूस, मंग तूर, मंग जवारी. बंड्या रातीच निघत, बैलाले रस्ता पाठ, मानूस गाडीत झोपला तरी बंडी बराबर वेशीत. दिल्लीहून कोनी आलं का नाई ते बुढ्यानं कधी सांगतलं नाई. पोह्याहून रोज येत.

अन् शेंगा कितीनं घेतल्या?

---

तुरीचे_सोले

बंडीवाले दादा, अर्धा किलोचे चाळीस दिले. फसले का?

---

बंडीवाला

फसल्या.

---

खोलापुरी

पोहा वेशीचं कोडं आम्हा अमरावतीकरांना पडत नाही. आमच्या परकोटाला एक नागपुरी गेट आहे आणि एक खोलापुरी गेट. नागपूर म्हणजे भोसल्यांची राजधानी, आणि खोलापूर म्हणजे भातकुली तालुक्यातलं गाव. माझा आयडी तिथूनच आला. वेशीचं नाव त्या वाटेवरच्या गावावरून पडतं, गावाच्या मोठेपणावरून नाही. औरंगाबादेत पैठण गेट आहे तसंच.

उलट 'दिल्ली' हेच जरा भपक्याचं नाव आहे. औरंगाबादला दिल्ली दरवाजा, अहमदनगरला दिल्ली दरवाजा, कारंज्यात दिल्ली वेस. उत्तरेला तोंड असलेल्या दाराला मोगलाईत दुसरं नाव सुचत नसावं. त्या दारातून बाहेर पडलं की आधी मूर्तिजापूर लागतं, दिल्ली फार पुढे.

---

जटपुरा

चंद्रपूरकर हजर. आमच्याकडे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय खिडक्या वेगळ्या. त्यातल्या एकीचं नाव चोर खिडकी. दिल्लीबिल्ली काही नाही. गोंड राजांना दिल्लीचं कौतुक नसावं. :)

पण एक सांगतो. जटपुरा गेटमधून रोज गाडी काढताना इतिहास वगैरे काही आठवत नाही, समोरचा हॉर्न का वाजवतोय एवढंच दिसतं. बाहेरचं माणूस येऊन थांबतं तेव्हा आपणही मान वर करतो. धाग्याबद्दल आभार.

---

दप्तरी

लेख आवडला, पण कारंज्याच्या पैशाबद्दल लिहिताना तुम्ही सगळ्यात मोठा पुरावाच सोडलात. १६७० च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांची कारंज्यावर स्वारी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट, मग वणी-दिंडोरीची लढाई, आणि दोन महिन्यांच्या आत थेट वऱ्हाडात. मोगलांना वाटतही नव्हतं की मराठे इतके आत येतील. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेला हिशेब असा: तलम कापड, सोनं, रुपं मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज, तो चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला. गावातले बडे सावकार खंडणीसाठी धरून नेले. त्यातला सगळ्यात बडा तेवढा निसटला, बाईचा वेश करून.

ही शेवटची गोष्ट मला फार बोलकी वाटते. बाईच्या वेशात सुटता येतं, याचा अर्थ बायकांच्या अंगाला हात लागणार नाही हे त्या सावकारालाही पक्कं माहीत होतं. एरवी लुटीत लुगडं नेसून कोण वाचतं?

---

सरळसोट

दप्तरी, 'लूट' हा शब्द खटकला. स्वारी म्हणा.

---

दप्तरी

मी दोन्ही शब्द वापरलेत. स्वारीत लूट झाली. मोगली मुलुखातली पेठ मारायची, शत्रूचा महसूल तोडायचा आणि आपली फौज त्यावर उभी करायची, हे त्या काळच्या युद्धाचं उघड तंत्र होतं. महाराजांनी ते लपवलं नाही, आपण कशाला लाजायचं?

---

सरळसोट

लाजत नाही. पण कारंजेकरांना काय वाटतं ते विचारा की.

---

बंडीवाला

विचारा ना, हे काय बसलो.

आमच्या गावात शिवजयंतीची मिरवनूक पाहाले या कधी. डोळे फाटतात. अन् त्याच पारावर बसून बुढे लोक सांगतात का "महाराजायले कारंजाचं नाव माहीत होतं, अकोल्याचं होतं का?" चार हजार बैल लागले न्याले, हे सांगताना छाती अशी फुगते का जसे बैल आमीच देले होते. आमाले दोन्ही गोष्टीचा गर्व हाये. तुमी पुन्याचे लोक एकातच अडकता.

---

सरळसोट

मी वर्ध्याचा आहे. बाकी मान्य. :)

---

तुरीचे_सोले

दप्तरी, हे मला माहीतच नव्हतं. आता ती गल्ली डोळ्यांसमोर आणून बघतेय. ती एकदम वळणारी अरुंद वाट, आणि त्यातून भरलेले बैल. निघाले कोणत्या वेशीतून असतील?

'सगळ्यात बडा निसटला' तो कस्तुरीवाल्याच्याच घराण्यातला तर नव्हे?

---

दप्तरी

तो मोह टाळा. :) नाव कुठे दिलेलं नाही, आणि कारंज्यात श्रीमंत सावकारांची वानवा नव्हती.

---

ताडपत्र

श्रीमंत सावकारांचा विषय निघालाच आहे तर. शीलविजय नावाचे श्वेतांबर साधू सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात यात्रा करत दक्षिणेकडे आले होते. त्यांनी आपल्या यात्रावर्णनात कारंज्याच्या भोज संघवीची तोंडभरून स्तुती केली आहे. हे भोज संघवी बघेरवाल, म्हणजे दिगंबर. परक्या पंथाच्या साधूने स्तुती करावी असा दानधर्म. स्वारीनंतरही गाव उठून उभं राहिलं होतं म्हणायचं, किंवा एक कोटी देऊनही शिल्लक होती.

पण मला खरं कौतुक दुसऱ्याच संपत्तीचं आहे, जी चार हजार बैलांवर लादली गेली नाही. धागालेखिकेने तीन मंदिरं पाहिली, त्यांतले ग्रंथभांडार तिला दिसले नसतील. भट्टारकांच्या गाद्या म्हणजे नुसती पूजाअर्चा नव्हे, तिथे पोथ्या लिहून घेतल्या जात, श्रीमंत बाया व्रताचं उद्यापन म्हणून पोथीची नक्कल करवून दान देत. शतकानुशतकं हे कारंज्यात साठत गेलं. १९२० च्या दशकात या पोथ्यांची नीट यादी झाली, तेव्हा अभ्यासकांना त्यात अपभ्रंश भाषेतली काव्यं सापडली. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या आपल्या भाषा यांच्या मधली पायरी. मराठीचं मूळ शोधणाऱ्याला ती पायरी चुकवता येत नाही.

त्यानंतर डॉ. हीरालाल जैन यांच्या पुढाकाराने इथूनच कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटात बसून पुष्पदंत कवीने जे लिहिलं त्यातलं काही छापील रूपात जगासमोर आलं ते १९३० च्या दशकात, या मालेतून. परदेशातल्या विद्यापीठांच्या कपाटांत 'कारंजा' हे नाव आहे ते यामुळे. तिथल्या प्राध्यापकाला हे गाव नकाशात दाखवता येणार नाही, पण नाव पाठ.

गावाबाहेरचं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल पाहिलंत का? १९१८ चं आहे. पुढच्या वेळी नक्की पाहा.

---

तुरीचे_सोले

नाही हो पाहिलं. आणि भांडाराबद्दल त्या आजोबांनी एक अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा, मी वर लाकडाकडे बघत होते.

उद्यापनाला पोथी दान ही गोष्ट किती छान आहे. आमच्याकडे स्टीलचे डबे देतात.

---

इंजिनड्रायव्हरचा_नातू

सगळं लिहिलंत आणि आमची शकुंतला रेल्वे नाही? निषेध!

कारंजा हे मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या लाइनवरचं स्टेशन. ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. गोऱ्या कंपनीने बांधली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढवायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. आणि गंमत बघा, गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं. कापूस तिकडे गेला, इंजिन इकडे आलं. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं, मग डिझेल. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं ही लाइन खाजगी कंपनीच्या मालकीची राहिली, सरकारी रेल्वे तिच्यावर गाडी चालवायची. देशात दुसरीकडे रेल्वे सरकारची झाली, आमच्याकडे रूळ कंपनीचे आणि गाडी सरकारची.

आजोबा त्या गाडीवर होते. शेवटी शेवटी स्टेशनांवर माणूसच उरला नाही, तेव्हा गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा, मग परत चढून झेंडी दाखवायचा. गाडी इतकी संथ की पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढत. हे सगळे सांगतात म्हणून थाप वाटते, पण मी स्वतः तोडली आहेत. आंबट होती.

---

खोलापुरी

दुसरी शाखा आमच्या बाजूची, मूर्तिजापूर-अचलपूर. तीही बंद. दर निवडणुकीला सुरू होते.

---

बंडीवाला

दर निवडणुकीले सुरू होते, हे फ्रेम करून ठेवतो.

आमच्याइकडे आता समृद्धी महामार्गाची गोष्ट. कारंजाजवळ उतरायची सोय हाये, नागपूरहून लोक दर्शनाले येतात अन् चहा न पेता वापस. एसटीनं येनारा मानूस निदान स्टँडावर भजे तरी खाये.

---

घाडगेवाली

हा धागा मी चुकून उघडला, कारण मी 'कारंजा'ची आहे, पण दुसऱ्या. कारंजा घाडगे, वर्धा जिल्हा. आमचं दुःख कुणी समजून घ्या. माझ्या लग्नाच्या साड्यांचं पार्सल एका कुरिअरवाल्याने कारंजा लाडला नेऊन ठेवलं होतं. फोन केला तर म्हणे, "मॅडम, कारंजाच लिहिलंय ना?" पिनकोड लिहिला होता, तो बघायचा नसतो बहुतेक. साड्या हळदीच्या दिवशी पोचल्या.

आणि उरणजवळ तिसरं कारंजा आहे, समुद्रकाठी. माझ्या नवऱ्याचे मुंबईचे मित्र अजून समजतात की माझ्या माहेरी मासळी मिळते.

---

ताडपत्र

म्हणूनच 'लाड' लावायचं. जुन्या कागदांत नुसतं कारंजा आलं की आम्हालाही आधी कोणतं ते ठरवावं लागतं.

---

पूर्वाश्रमीचा_वाशीमकर

लहानशी दुरुस्ती नव्हे, भर. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात. १९९८ ला वाशीम वेगळा होईपर्यंत अकोल्यात होतं, आणि इंग्रजांच्या वेळी तर मूर्तिजापूर तालुक्यात. ज्या पेठेला दिल्लीची वेस होती तिला तालुक्याचं ठाणंही मिळालं नव्हतं. रेल्वेची मोठी लाइन मूर्तिजापूरवरून गेली, आणि सगळं तिकडे सरकलं. वऱ्हाडातल्या जुन्या पेठांचं नशीब असंच: रूळ कुठून गेले ते विचारा, कोणतं गाव फुगलं ते आपोआप कळतं.

अवांतर: काळवीट पाहायचे असतील तर कारंजा-सोहोळ अभयारण्य अगदी जवळ आहे. सकाळी लवकर गेलात तर रस्त्याच्या कडेलाच कळप दिसतो. मात्र आसपासच्या शेतकऱ्याला विचारून काळविटाचं कौतुक करू नका, त्याच्या हरभऱ्यात तो रात्री काय करतो ते ऐकावं लागेल.

---

बंडीवाला

माह्या वावरात या, दाखवतो.

---

दप्तरी

तुरीचे_सोले, तुमचा मधला प्रश्न राहिला: बैल कोणत्या वेशीतून निघाले? वेशीपर्यंतचा तपशील कुणी लिहून ठेवलेला नाही. आजच्या चार कमानी त्या वेळी याच रूपात होत्या असंही धरून चालू नये. वेशी पडतात, पुन्हा बांधतात, नाव तेच राहतं.

कस्तुरीच्या हवेलीबद्दल मात्र माझं एक मत आहे. गोष्ट खरी की खोटी यात मला रस नाही. पण बघा, बाकी गावांच्या दंतकथेत श्रीमंत माणूस सोनं पुरतो, हंडे लपवतो, वर नाग बसवतो. कारंज्याच्या दंतकथेत तो सगळा पैसा चुन्यात कालवून भिंतीला लावून टाकतो. ज्या गावातून चार हजार बैल भरून नेले, त्या गावाने अशी गोष्ट जपावी ज्यातली संपत्ती कुणाला उचलून नेताच येत नाही. यात मला थोडी खोडी दिसते.

---

तुरीचे_सोले

दप्तरी, हे वाचून बाबांना दाखवलं. ते आधी म्हणाले, "सप्ताह मी केला आणि पुण्य तू वाटतेस." मग दोन-चार मिनिटं गप्प बसून म्हणाले, "माझ्या लहानपणी तुझी आजी सांगायची, कारंज्याच्या भिंतीला वास येतो. मला वाटायचं गुरुमंदिराच्या उदबत्तीचा."

म्हणजे गोष्ट आमच्या घरात होतीच, मीच पत्ता चुकले होते.

पुढच्या वर्षी एक दिवस आधी जायचं ठरलंय. भांडाराबद्दल विचारायचं, गुरुकुल बघायचं, आणि बंडीवाले दादा, पोहा वेशीतून बाहेर पडून पोह्यापर्यंत जायचं. ऑटो मिळतो का?

---

बंडीवाला

ऑटो काहून, गाडी घेऊन मी येतो. बाबाले पुढं बसवू, गुडघे लांब करता येतात. फक्त पौषातच या, माघ लागला का सोले निबर होतात. अन् शेंगा तुमी घेऊ नका, मी घेतो.

---

घाडगेवाली

पत्ता नीट लिहून घ्या. कारंजा *लाड*.